व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो की घटतो? (आमच्या गीझरचं त्रांगडं)

तळकोकणी | शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, जरा मदत हवी आहे.

दापोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे, आई-बाबा आता कायमचे तिकडेच राहतात. दोन वर्षांपूर्वी परसातल्या न्हाणीघरात १५ लिटरचा गीझर बसवला. पाटीवर लिहिलंय २००० वॉट, २३० व्होल्ट. चुलीवरचा हंडा सुटला म्हणून आई खूश होती, पण पहिल्या हिवाळ्यापासून एकच रडगाणं: पाणी लवकर तापत नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये अगदी तसाच गीझर आहे, तो पंधरा-सोळा मिनिटांत कट ऑफ होतो. गावाला सकाळी वीस-बावीस मिनिटं, आणि संध्याकाळी वाडीतले पंप चालू असले की अर्धा तास.

गावच्या इलेक्ट्रिशियनने आधी एलिमेंट बदलला. फरक शून्य. आता तो म्हणतो, "व्होल्टेज कमी आहे, त्यामुळे गीझर करंट जास्त ओढतो आणि वायर गरम होते. मोठा स्टॅबिलायझर घ्या." स्टॅबिलायझरची किंमत ऐकून बाबांनी हंडा परत घासायला काढलाय.

आणखी एक. न्हाणीघराकडे अधूनमधून जळका वास येतो असं आईचं म्हणणं. बाबा म्हणतात तिला भास होतो.

प्रश्न असा की व्होल्टेज कमी झाल्यावर करंट खरंच वाढतो का? दहावीत ओहमचा नियम घोकला होता, त्यात तर उलटं होतं असं आठवतंय.

बिनधास्त बंड्या | रात्री १०:५२

साधं गणित आहे राव. वॉट = व्होल्ट × अँपिअर. गीझर २००० वॉटचा. २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. व्होल्टेज १८० झालं तर २००० ÷ १८० = ११.१ अँपिअर. करंट वाढला. तुमचा इलेक्ट्रिशियन बरोबर आहे, घ्या स्टॅबिलायझर.

ओहमकार | रात्री ११:१५

बंड्याभाऊ, भागाकार बरोबर, पण २००० हा आकडा तुम्ही धरून बसलात तिथेच घोटाळा झाला. पाटीवरचे २००० वॉट हा गीझरचा स्वभाव नाही. २३० व्होल्ट मिळाले तर मी २००० वॉट देईन, एवढाच त्याचा शब्द आहे. त्याचा स्वभाव म्हणजे त्याचा रोध. आत नायक्रोमची गुंडाळी आहे, तिला व्होल्टेज किती येतंय हे कळायचं काही साधन नाही. ती आपले ठरलेले ओम (रोधाचं माप) घेऊन बसलेली असते.

तो रोध पाटीवरूनच काढता येतो. २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओम. आता १८० व्होल्ट लावा. करंट = १८० ÷ २६.४५ = ६.८ अँपिअर. घटला. आणि शक्ती = १८० × ६.८ = साधारण १२२५ वॉट.

व्होल्टेज जेमतेम बावीस टक्के उतरलं, पण उष्णता जवळजवळ चाळीस टक्के गेली, कारण व्होल्टेज कमी झालं की करंटही त्याच प्रमाणात कमी होतो आणि शक्ती हा दोघांचा गुणाकार. दुहेरी मार. तळकोकणींचं पाणी संध्याकाळी का रडवतं ते यात आलं.

(तीस वर्षं हेच शिकवतोय. दरवर्षी वर्गात एक बंड्या असतो. हलके घ्या.)

सोलापुरी डाळिंब | शनिवार, सकाळी ६:१०

सर, पुस्तकातलं ऱ्हाऊ द्या. आमच्या शेतात पाच एचपीची थ्री फेज मोटार आहे. पॅनेलवर व्होल्टमीटर, अँपमीटर दोन्ही बसवलेत. लाइट चांगली असली, म्हणजे ४१५ च्या आसपास, की काटा साडेसातवर. आमच्याकडं हिशोबच तसा, एका एचपीला दीड अँप. व्होल्टेज ३४० वर आलं की काटा नऊच्या पुढं जातो. डोळ्यानं बघतो रोज. दोन वर्षांत दोनदा वाइंडिंग जळालं. व्होल्टेज कमी झालं की अँप वाढतात, ही दगडावरची रेघ.

बिनधास्त बंड्या | सकाळी ८:३०

+१ डाळिंबभाऊ! सर, आता बोला.

ओहमकार | सकाळी ९:०५

डाळिंबभाऊंचं शंभर टक्के खरं आहे. माझंही.

मोटार म्हणजे गीझर नव्हे. पंपाला ठरावीक खोलीवरून ठरावीक पाणी उचलायचं आहे. इंडक्शन मोटारीचा वेग व्होल्टेज थोडं उतरलं तरी फारसा उतरत नाही, कारण तो मुख्यतः ५० हर्ट्झला बांधलेला असतो. म्हणजे काम तेवढंच, त्यासाठी लागणारी शक्तीही जवळजवळ तेवढीच. मग कमी व्होल्टेजवर तेवढं काम करायचं तर करंट जास्त ओढायलाच हवा. ७.५ × ४१५ ÷ ३४० = ९.१५. तुमच्या काट्याशी जुळतंय ना?

आणि वाइंडिंग का जळतं तेही बघा. वाइंडिंगच्या तांब्यात होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. ९.१५ ला ७.५ ने भागून वर्ग केला तर १.४९ येतात. करंट बावीस टक्के वाढला, पण तांब्यातला ताप दीडपट झाला.

तेव्हा "करंट वाढतो की घटतो" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. समोरचं उपकरण काय धरून बसतं ते आधी विचारायचं. गीझर, इस्त्री, शेगडी, इमर्शन रॉड: हे रोध धरून बसतात, करंट घटतो. भरल्या विहिरीवरचा पंप काम धरून बसतो, करंट वाढतो. तुमच्या इलेक्ट्रिशियनने गावात आयुष्यभर पंपच दुरुस्त केले असणार, म्हणून त्याने पंपाचा न्याय गीझरला लावला.

चौकस चंपा | सकाळी ९:४०

मग पंखा? आणि एलईडी दिवे? आमच्याकडे (नगर रोड) व्होल्टेज उतरलं की पंखा मरगळतो पण दिव्यांना ढिम्म फरक पडत नाही.

ओहमकार | सकाळी १०:००

पंख्यालाही मोटारच आहे, पण त्याच्यावर अमुक हवा ढकललीच पाहिजे अशी सक्ती नाही. तो मुकाट्याने हळू फिरतो. बऱ्या एलईडी दिव्यात आत ड्रायव्हर असतो, तो शक्ती सांभाळतो. व्होल्टेज उतरलं की करंट थोडा जास्त घेऊन उजेड तेवढाच ठेवतो. बंड्याभाऊंचं कालचं गणित तिथे चपखल बसेल.

बिनधास्त बंड्या | सकाळी १०:०४

चला, कुठेतरी बसलं. :ड

निवृत्त वायरमन | सकाळी ११:२०

चर्चा चांगली चालली आहे, पण अजून एकही रीडिंग नाही. रीडिंगशिवाय बोलणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

तळकोकणी, गावी जाल तेव्हा मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर घेऊन जा. एसी दुरुस्ती करणाऱ्या कोणाकडेही क्लॅम्प मीटर मिळेल, मागून घ्या. तीन गोष्टी मोजा.

गीझर बंद असताना न्हाणीघराच्या सॉकेटवर किती व्होल्ट. गीझर चालू असताना तिथेच किती व्होल्ट. आणि चालू असताना करंट किती. मग हेच दोन व्होल्टेज मेन बोर्डावर.

हे बंद-चालू तीन-चार वेळा करा, कारण मध्येच शेजाऱ्याचा पंप सुरू झाला तर आकडे फसवतील.

आता नीट वाचा. क्लॅम्प मीटरचा जबडा फक्त एका वायरभोवती घाला, फेजच्या. सबंध केबलभोवती घातलात तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. लोक मग मीटर खराब म्हणून परत करतात. आणि मल्टिमीटरवर "१० ए" लिहिलेलं भोक आहे त्यात लाल पिन घालून सॉकेटमध्ये प्रोब घालायचा नाही. म्हणजे नाहीच. ते भोक म्हणजे आतून जवळजवळ सरळ तार आहे. सॉकेट शॉर्ट होतो, हातात मीटर फुटतो. माझ्या डोळ्यांदेखत एका पोराची भुवई जळाली आहे.

पायात चप्पल, हात कोरडे, आणि न्हाणीघरातली फरशी ओली असेल तर त्या दिवशी नको.

तळकोकणी | सकाळी ११:४५

काका, खूप आभार. पुढच्या शनिवारी जातोय. क्लॅम्प मीटरची सोय झाली.

बिनधास्त बंड्या | दुपारी १२:१०

एवढी यातायात कशाला? गीझरचा प्लग काढायचा, मल्टिमीटर ओमवर लावायचा आणि एलिमेंटचा रोध थेट मोजायचा. झालं.

निवृत्त वायरमन | दुपारी १२:३०

ते जरूर करावं, प्लग बाहेर काढून. थर्मोस्टॅट चालू स्थितीत असेल तर पंचवीस-सव्वीस ओम दिसतील. पण त्यातून एवढंच कळेल की गीझर ठीक आहे. दोष वायरीत असेल तर तो करंट वाहत असतानाच तोंड दाखवतो. मल्टिमीटर ओम मोजताना अगदी नखाएवढा करंट सोडतो, त्याने सैल जोडाला काही होत नाही.

ओहमकार | दुपारी १:१५

आणि हा उपाय सगळीकडे चालत नाही बरं का. घरात जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब असेल तर त्याचा रोध थंड असताना मोजा. गणिताने २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओम यायला हवेत. मीटर दाखवेल चाळीसच्या आतबाहेर. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. म्हणून असे बल्ब लावण्याच्या क्षणी पटकन उडायचे, थंड तार एकदम मोठा करंट घ्यायची. नायक्रोमचं तसं नाही, तापलं तरी रोध थोड्या टक्क्यांनीच हलतो. गीझरला ओहमचा नियम गुण्यागोविंदाने लागू पडतो.

न्यूजर्सीकर | दुपारी ४:२०

अवांतर: इकडे येताना आईने ठाण्याहून हजार वॉटची इस्त्री बांधून दिली होती, "तिकडच्या काय चांगल्या असतात" म्हणून. इथे १२० व्होल्ट. रोध ५२.९ ओम, करंट २.३ अँपिअर, शक्ती २७२ वॉट. व्होल्टेज साधारण अर्धं, ताप पाव. शर्टाला सुरकुत्या तशाच, फक्त कोमट. उलट दिशेचा किस्सा जास्त वाईट आहे. मित्राने इथला ५०० वॉटचा राइस कुकर पुण्याला नेला आणि थेट लावला. काही क्षण तो १८०० वॉटांहून जास्त शक्तीचा कुकर होता. मग तो कुकर राहिला नाही.

चौकस चंपा | दुपारी ४:५०

"शर्टाला सुरकुत्या तशाच, फक्त कोमट" =))

तळकोकणी | पुढचा शनिवार, दुपारी ३:०५

मंडळी, रीडिंग घेऊन आलोय. प्रत्येक तीनदा घेतलं, एखाद-दुसऱ्या व्होल्टचा फरक सोडला तर स्थिर.

न्हाणीघराच्या बोर्डावर गीझरच्या सॉकेटशेजारी छोटा सॉकेट आहे, त्याच वायरीवर. तिथे:
गीझर बंद: २२६ व्होल्ट
गीझर चालू: १९८ व्होल्ट

मेन बोर्डावर:
गीझर बंद: २२६
गीझर चालू: २२०

करंट (मेन बोर्डावर गीझरच्या एमसीबीमधून निघणारी फेज): ७.५ अँपिअर.

वायर १ स्क्वेअरची (छेद १ चौरस मिलिमीटर) आहे, इन्सुलेशनवर छापलंय. मेन बोर्डापासून न्हाणीघरापर्यंत भिंत, माळा, पडवी असं फिरत टेपने मोजलं तर ५५ मीटर.

गीझर लावल्यावर सॉकेटवरचा आकडा २२६ वरून धाडकन १९८ वर पडतो ते बघून बाबांचाही चेहरा पडला. रात्री टॉर्च घेऊन न्हाणीघराबाहेर वास घेत उभे होते.

ओहमकार | दुपारी ३:४०

वा! याला म्हणतात रीडिंग. चला, चहा ठेवा आणि बसा.

पहिलं, गीझर. १९८ ÷ ७.५ = २६.४ ओम. पाटीवरून काढलेला रोध २६.४५ होता. तुमचा गीझर निर्दोष आहे, एलिमेंट बदलायचे पैसे फुकट गेले. गीझरला मिळणारी शक्ती १९८ × ७.५ = १४८५ वॉट. दोन हजारांतले पाचशे गायब.

दुसरं, हे २८ व्होल्ट कुठे गेले? गीझर बंद असताना करंट नाही, म्हणून वाटेत कुठे काही गळत नाही आणि सॉकेटवर पूर्ण २२६ दिसतात. करंट सुरू झाला की वाटेतला रोध आपला वाटा कापून घेतो. वाटेतला एकूण रोध २८ ÷ ७.५ = ३.७३ ओम. तिथे जळणारी शक्ती २८ × ७.५ = २१० वॉट. म्हणजे गीझरशिवाय आणखी एक दोनशे वॉटचा हीटर तुमच्या घरात आणि घराबाहेर मिळून चालू आहे, फक्त तो पाणी तापवत नाही.

तिसरं, घराबाहेरचा हिस्सा. मेन बोर्डावर २२६ चे २२० झाले, म्हणजे खांबापासून मेन बोर्डापर्यंत आणि त्याच्याही मागे मिळून ६ व्होल्ट. ०.८ ओम. गावाकडे लांब लाइन असते, हे फार वाईट नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत कमी दाबाच्या पुरवठ्याला सहा टक्क्यांची मुभा होती. २३० ला ती लावली तर २१६ पर्यंत चालतं. सकाळच्या वेळी तुमचा लाइनमन निर्दोष आहे. संध्याकाळचं वेगळं बोलू.

राहिले २२ व्होल्ट. ते घरातच हरवतात.

निवृत्त वायरमन | दुपारी ४:३०

सरांनी सगळा हिशोब मांडला, पुढचा मी करतो. १ स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरला साधारण १८ ओम धरायचे. अंतर ५५ मीटर, पण करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, म्हणून ११० मीटर. इथे निम्मे लोक चुकतात. ११० मीटरला दोन ओम. ७.५ अँपिअरला १५ व्होल्ट.

तुमच्या घरात हरवले २२. वायरीने खाल्ले १५. उरलेले ७ व्होल्ट कोणी खाल्ले?

वायर ते करू शकत नाही. ती एका जागी बसून एवढा रोध दाखवत नाही. कुठेतरी जोड सैल आहे. ७ व्होल्ट गुणिले ७.५ अँपिअर म्हणजे पन्नासेक वॉट. वायरीतले ११२ वॉट ११० मीटरभर पसरलेत, मीटरला एक वॉट, हाताला कोमटसुद्धा लागत नाही. हे पन्नास वॉट मात्र बोटाच्या पेराएवढ्या जागेत आहेत. जुना साठचा बल्ब पेटवून त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळली तर काय होईल?

आईंना भास होत नाही. आज रात्रीपासून गीझर बंद ठेवा.

आजी ऑनलाइन | दुपारी ४:४१

मी गणितातलं काही वाचलं नाही, शेवटची ओळ वाचली. घरातली बाई म्हणते वास येतोय तर वास येतोय. तिच्या नाकाला मीटर लागत नाही.

तळकोकणी | दुपारी ४:५५

आजी, हे बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. गीझरचा एमसीबी स्वतः जाऊन खाली केला.

चौकस चंपा | संध्याकाळी ५:१५

एक शंका. एवढं जळत होतं तर एमसीबी का पडला नाही? तो त्यासाठीच असतो ना?

निवृत्त वायरमन | संध्याकाळी ५:३५

एमसीबी करंट बघतो. तो जास्त झाला तर पडतो. सैल जोडाने रोध वाढला, म्हणजे करंट उलट कमी झाला. पावणेआठाच्या जागी साडेसात. एमसीबीला वाटतं सगळं झकास चाललंय. शॉक लागू नये म्हणून बसवतात तो आरसीसीबीही याला ओळखत नाही, कारण जितका करंट जातो तितकाच परत येतो. लूज कॉन्टॅक्टला पकडणारी साधनं आपल्या साध्या घरात दोनच, नाक आणि बोर्डावर ठेवलेला हात.

ओहमकार | संध्याकाळी ५:५०

यावरून स्टॅबिलायझरचा सल्ला किती महागात पडला असता ते काढून बघितलं. समजा न्हाणीघरात गीझरच्या आधी चांगला स्टॅबिलायझर लावला आणि त्याने गीझरला पूर्ण २३० व्होल्ट दिले. गीझर २००० वॉट घेणार. आता वायरीच्या दृष्टीने पलीकडे रोध धरून बसणारा गीझर उरला नाही, शक्ती धरून बसणारा स्टॅबिलायझर आला. त्याचं स्वतःचं नुकसान सोडून दिलं तरी त्याच ३.७३ ओमांतून २००० वॉट ओढायला पावणेअकरा अँपिअर लागतात. सैल जोडातली उष्णता पन्नासेक वॉटांवरून शंभराच्या पुढे, दुप्पट.

पाणी मस्त तापलं असतं. माळाही.

सोलापुरी डाळिंब | संध्याकाळी ७:२०

बाबो. म्हंजे गीझर होता तवर करंट घटत होता, आन् स्टॅबिलायझर लावला की तोच गीझर मोटारीगत वागणार. आता डोक्यात उजेड पडला सर.

आमच्या पॅनेलवरचं अजून एक सांगतो. अँप वाढले की व्होल्टेज बघायचं. पर व्होल्टेज ठीक असून अँप एकदम खाली आले, की समजायचं बोअरनं पाणी सोडलं, मोटार कोरडी फिरतीय. काटा बघून घरबसल्या पाण्याची पातळी कळती.

बिनधास्त बंड्या | संध्याकाळी ७:४५

सर, मोटारीला व्होल्ट × अँपिअर केलं की वॉट मिळतात ना पण? की तिथेही पाचर आहे?

ओहमकार | संध्याकाळी ८:००

आहे. मोटारीत करंट व्होल्टेजच्या थोडा मागून चालतो, म्हणून नुसत्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने कमी करावं लागतं, ०.८ किंवा जे काही असेल त्याने. गीझरला तो १ असतो, म्हणून या धाग्यावर आपलं गणित इतकं सोपं चाललंय.

चौकस चंपा | संध्याकाळी ८:३०

आणि वीजबिल? ते हरवलेले २१० वॉट तळकोकणींच्या खिशातून जात होते का?

निवृत्त वायरमन | रात्री ९:१०

मीटरच्या पुढचे जातात, मागचे नाही. मेन बोर्डावर २२० × ७.५ = १६५० वॉट. गीझरला १४८५. फरक १६५ वॉटचा. आमचा पडताळा: इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा. ३२०० असेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गीझर लावा आणि एक मिनिट मोजा. १६५० वॉटला ८८ लुकलुक येतील. क्लॅम्प मीटर नसेल त्याने असं मोजावं.

पैशाचं म्हणाल तर १५ लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या थोडं वर लागतं. १४८५ वॉटला एकवीस मिनिटं. तेवढ्या वेळात १६५ वॉटचं नुकसान म्हणजे ०.०६ युनिटही नाही. काही पैसे. माळ्यावर सुकं गवत नाहीतर रॉकेलचा डबा असेल तर त्याच्या शेजारी ते पैसे जळत होते, एवढंच.

न्यूजर्सीकर | रात्री ९:३०

एक ऐतिहासिक पिंक. ओहमलाही हाच त्रास झाला होता. गेओर्ग ओहम कोलोनमध्ये शाळेत शिकवायचा, तिथल्याच प्रयोगशाळेत हे मोजत होता. त्याच्या बॅटरीचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच उतरायचं, आपल्या गावच्या लाइटसारखं. पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने सुचवलं म्हणून त्याने बॅटरी सोडली आणि तांबं-बिस्मथची जोडी घेतली, एक टोक बर्फात, दुसरं उकळत्या पाण्यात. तापमानाच्या त्या फरकातून येणारं व्होल्टेज हलेना, आणि मग नियम दिसला. पुस्तक आलं १८२७ साली. तळकोकणींनी प्रत्येक रीडिंग तीनदा घेतलं ते वाचून आठवलं.

तळकोकणी | रविवार, रात्री ८:१५

सापडलं!

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तुमचे प्रतिसाद दाखवले नाहीत, फक्त म्हटलं वायरमन काकांनी सात व्होल्ट शोधायला सांगितलेत. आधी खो खो हसला. मग माळ्यावरच्या जंक्शन बॉक्समध्ये, २५ मीटरवर, त्याने गीझर चालू असताना रीडिंग घेतलं: २१३. मी तोपर्यंत कागदावर काढून ठेवलं होतं, २५ मीटरला वायरीचे पावणेसात व्होल्ट, म्हणजे २१३ यायलाच हवेत. तिथपर्यंत जोड ठीक. म्हणजे चोर पुढच्या ३० मीटरांत.

पडवीच्या पत्र्याखाली पट्टी उघडली. वायर पुरली नाही म्हणून तिथे दुसरा तुकडा जोडला होता, नुसता पीळ देऊन आणि वर टेप. न्यूट्रलच्या जोडावरची टेप कोळसा झाली होती. हात लावला तर तुकडे पडले. आतलं तांबं काळं-हिरवं. बाजूच्या लाकडी वाशावर पुरणपोळीला पडतो तसा तपकिरी डाग.

इलेक्ट्रिशियन बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "हा माझा जोड नाही." असेल. त्याला मी काही म्हटलं नाही, कारण आमच्याच एका काकांनी त्या उन्हाळ्यात "मी करतो रे" म्हणून हात घातला होता.

मेन बोर्डापासून सलग ४ स्क्वेअरची वायर ओढली, मध्ये एकही जोड नाही. नवीन रीडिंग: सॉकेटवर बंद २२६, चालू २१५. करंट ८.१. मेन बोर्डावर चालू असताना २१९ आणि २१९.५ च्या मध्ये हलत होतं.

२१५ × ८.१ = १७४१ वॉट. आज पाणी अठरा मिनिटांत.

ओहमकार | रात्री ८:४०

२१५ ÷ ८.१ = २६.५. गीझर अजून तोच. ४ स्क्वेअरच्या ११० मीटरला अर्धा ओम, म्हणजे चार व्होल्ट, आणि मेन बोर्डावरच्या २१९ मधून चार वजा करून २१५. हिशोब बंद झाला, खिशात सुटे पैसेही उरले नाहीत.

२००० वॉट अजून होणार नाहीत, मेन बोर्डावरच २३० येत नाहीत तोवर. संध्याकाळी वाडीतल्या सगळ्यांचे पंप चालू असतात, त्यांचं व्होल्टेज उतरलं की ते डाळिंबभाऊंच्या मोटारीसारखे आणखी करंट ओढतात, त्यामुळे लाइनमध्ये आणखी व्होल्ट पडतात. त्यावर उपाय ट्रान्सफॉर्मरपाशी आहे. वाडीतल्या चार घरांची संध्याकाळची रीडिंग घेऊन अर्ज करा, नुसतं "व्होल्टेज कमी" लिहू नका.

निवृत्त वायरमन | रात्री ९:०५

छान काम. महिन्याभराने मेन बंद करून सॉकेटचे आणि एमसीबीचे स्क्रू परत एकदा आवळा, नवीन तांबं थोडं दबतं. आमच्या वेळी तीन-वीस आणि सात-वीसच्या (२० गेजच्या तीन किंवा सात तारांच्या) वायरी होत्या, स्क्वेअरमध्ये कोणी बोलत नसे, पण स्क्रू तेव्हाही दोनदा आवळायचो.

आणि आजचे आकडे कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी २१५ चे २०९ दिसले तर कोणाला विचारायला नको.

तळकोकणी | रात्री ९:२०

काका, लिहिले. आमच्या मेन बोर्डाशेजारच्या भिंतीवर आजोबांनी पेन्सिलीने दर पाडणीचे नारळ मांडून ठेवलेत, अजून पुसले नाहीत. त्याच्या खाली बाबांनी लिहिलं: २२६ / २१९ / २१५ / ८.१.

आजी ऑनलाइन | रात्री ९:२६

तारीख घाला. आणि आईने सांगितलं होतं, तेही.